कूलर धुणं कोणत्या इयत्तेत येतं?

मुलांना स्वयंपाक, वीज, पैसे, कागदपत्रं, प्रथमोपचार हे सगळं शाळेनं शिकवायचं की घरानं, हा विषय पालकसभेत निघाला की दोन मिनिटांत दोन तट पडतात. शिक्षक म्हणतात, निवडणुकीची कामं आम्ही करायची, पोर्टलवर माहिती आम्ही भरायची, अभ्यासक्रम आम्ही संपवायचा, आता शर्टाची बटणं लावायलाही आम्हीच शिकवायचं का? पालक म्हणतात, दोघंही नोकरीवर जातो, एवढी फी कशासाठी भरतो मग? दोघांचंही म्हणणं खरं असतं. म्हणूनच सभा चहावर संपते आणि मूल बारावीनंतर पुण्याला होस्टेलवर गेलं की पहिल्याच आठवड्यात घरी फोन येतो: "आई, तांदळात पाणी किती टाकू?"

माझं मत असं, की शिकवायचं कोणी हे ठरवण्याआधी काम कोणत्या प्रकारचं आहे ते बघावं. रोज किंवा दर आठवड्याला करूनच हातात बसतं असं काम घराचं. मग शाळेनं त्यावर कितीही गुण ठेवले तरी ते शाळेत येणार नाही. याउलट, ज्या कामात घराची पद्धतच पिढ्यान्‌पिढ्या चुकत आली आहे, ते शाळेचं. घरानं ते मनापासून शिकवलं तरी चूकच पुढे जाईल. काही कामं दोन्हीकडची असतात आणि नेमकी तीच बेवारस राहतात. नागपुरात याचं उत्तम उदाहरण म्हणजे कूलर.

मार्चच्या शेवटी गच्चीवरून, माळ्यावरून कूलर उतरतात ते थेट पाऊस पडेपर्यंत खिडकीत बसतात. घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला तो सुरू-बंद करता येतो, पाइप लावून पाणी भरता येतं. पण पाणी भरताना प्लग काढायचा असतो, हे किती जणांना माहीत असतं? बटण बंद केलं की वीज बंद झाली, असं घरातले मोठेही समजतात. जुन्या बोर्डात कधीकधी स्विच फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या तारेवर बसवलेला असतो. अशा वेळी बटण बंद असतानाही कूलरच्या आत फेज येऊन थांबलेली असते, फक्त पंखा फिरत नाही. म्हणून बटण बंद करायचं, मग प्लग बोर्डातून ओढून काढायचा आणि तो डोळ्यांसमोर दिसेल असा कूलरवर ठेवायचा. हा क्रम मुलाला पहिल्या दिवशी सांगायचा आणि पुढे दर वेळी त्याच्याकडूनच करून घ्यायचा.

धुण्याचं काम आठवड्यातून एकदा, वार ठरवून. आठवडाच का, हेही मुलाला सांगावं, कारण पटलं की पोरं काम टाळत नाहीत (निदान कमी टाळतात). डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. त्याआधी टाकी कोरडी केली की साखळी तुटते. पण नुसतं बूच काढून पाणी सोडल्यानं काम होत नाही. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या पातळीच्या जरा वर, टाकीच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात आणि नवं पाणी चढलं की फुटतात. त्यामुळे भिंती काथ्यानं किंवा प्लास्टिकच्या ब्रशनं घासणं हाच कामाचा गाभा आहे. नेमका तोच भाग घाईत राहून जातो.

भिंती झाल्या की पंप. खालची जाळी काढली की आत ताटीचा (कूलरच्या बाजूंना बसवलेल्या, पाणी धरणाऱ्या गादीचा) भुसा आणि पांढरा थर सापडतो. बोअरच्या पाण्याचं हे देणं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. जाळी ब्रशनं साफ करायची, आतली चकती बोटानं फिरते का बघायचं. मग वरच्या नळीची भोकं. ती जाड सुईनं किंवा सायकलच्या स्पोकनं मोकळी करायची, नाहीतर ताटी एका बाजूला ओली आणि दुसऱ्या बाजूला कोरडी राहते. त्या कोरड्या भागातून गरम हवाच आत येते आणि घरात "यंदा कूलर गार करून नाही राहिला" अशी तक्रार सुरू होते. सगळं जोडून, पाणी भरून, मगच प्लग लावायचा. आधी फक्त पंप लावून ताट्या भिजू द्यायच्या, पंखा पाच मिनिटांनी.

यातलं घासणं, सुई घालणं, पाणी बदलणं हे सगळं घरानं शिकवावं. दहा वर्षांचं मूल मोठ्यांसोबत आणि चौदा वर्षांचं एकट्यानं ते नीट करतं. आता याच कूलरमधला शाळेचा भाग बघा.

कूलरचा पंप पाण्यात बुडालेला असतो. टाकी कोरडी असताना तो चालत राहिला तर तापतो, आतल्या तारेवरचं आवरण भाजून तडकतं. पुढच्या वेळी पाणी भरलं की करंट पाण्यात आणि पाण्यातून पत्र्याच्या सांगाड्यात उतरतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभं असलेलं मूल त्या पत्र्याला हात लावतं. यावर घराघरांतलं उत्तर ठरलेलं: "एमसीबी आहे ना, पडेल." पडत नाही. एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला आपोआप पडणारा खटका, तारेतून प्रमाणाबाहेर वीज गेली तर पडते, १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरच्या पुढे. माणसाच्या शरीरातून ३० मिलिअँपिअरच्या वर वीज गेली तरी जीवाला धोका असतो, म्हणजे त्या १६ अँपिअरच्या पाचशेव्या हिश्श्यापेक्षाही कमी. एवढ्याशा गळतीची एमसीबी दखलच घेत नाही. ती पकडणारं यंत्र वेगळं, त्याला आरसीसीबी म्हणतात. घरासाठी ते ३० मिलिअँपिअरचं घ्यायचं. त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. खटका खाली पडला तर यंत्र जिवंत आहे, नाही पडला तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलवायचा. आणि पत्र्याच्या सांगाड्याला अर्थिंग हवंच. तीन पिनांचा प्लग दोन छिद्रांच्या बोर्डात बसत नाही म्हणून वरची जाड पिन छाटून टाकणारे महाभाग प्रत्येक मोहल्ल्यात असतात, आणि ते कोणाचे तरी बाबा किंवा काका असतात. ते मुलाला काय शिकवणार?

म्हणून वीज हा शाळेचा विषय. आठवी ते दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात फेज, न्यूट्रल, अर्थ, शॉर्टसर्किट हे सगळं असतंच. मुलं आकृती काढतात, नावं देतात आणि पूर्ण गुण मिळवतात. पण तीन पिनांचा प्लग एकदाही उघडत नाहीत. प्लग जोडायला भिंतीतली वीज लागतच नाही. सगळा सराव मेलेल्या तारेवर करायचा, त्यात धोका शून्य. आतल्या स्क्रूंजवळ एल (फेज), एन (न्यूट्रल), ई (अर्थ) अशी अक्षरं असतात. लाल किंवा तपकिरी तार एलला, काळी किंवा निळी एनला, हिरवी किंवा हिरवी-पिवळी ईला. वरचं आवरण सोलून आतल्या तारांची टोकं साधारण एक सेंटिमीटर उघडी करायची, तांब्याचे केस पिळून एकत्र करायचे आणि स्क्रू ज्या दिशेनं आवळतो त्याच दिशेनं गुंडाळायचे. उलटं गुंडाळलं तर स्क्रू आवळताना तार बाहेर ढकलली जाते. हिरवी तार बाकीच्या दोन्हींपेक्षा जरा लांब ठेवायची, म्हणजे कधी कोणी वायर ओढलीच तर अर्थिंग सगळ्यात शेवटी सुटेल.

मुलांच्या हातून नेमकं काय बिघडतं तेही ठरलेलं आहे. तांब्याचा एखादा केस बाहेर राहून शेजारच्या पिनेला टेकतो, स्क्रूखाली तारेऐवजी प्लास्टिकच दाबलं जातं, आणि सगळ्यात जास्त वेळा, प्लगच्या तोंडाशी असलेल्या पट्टीखाली वायरचं बाहेरचं जाड आवरण यायला हवं ते येत नाही. मग सगळा ताण बारीक तारांवर पडतो आणि दोन महिन्यांत एक सुटते. शिक्षकानं झाकण लावण्याआधी एवढ्या तीनच गोष्टी तपासल्या तरी धडा पूर्ण होतो. एक प्लग, दीड मीटर तीन तारांची वायर, एक स्क्रूड्रायव्हर, एक वायर सोलायचा चिमटा. चाळीस मुलांच्या वर्गात पाच-पाचचे आठ गट केले तर आठ संच लागतात.

इथे शाळेची खरी अडचण येते, ती वेळापत्रकाची. पस्तीस मिनिटांच्या तासात गट पाडायला, साहित्य काढायला दहा मिनिटं आणि आवरायला पाच मिनिटं जातात. उरलेल्या वीस मिनिटांत गटातल्या पाच मुलांच्या वाट्याला चार-चार मिनिटं येतात. चार मिनिटांत प्लग जोडून होत नाही. सलग दोन तास जोडून मिळाले तरच काहीतरी होतं, आणि आमच्याकडे जोडतास मिळतो तो फक्त दहावीच्या जादा वर्गाला.

याच कारणानं स्वयंपाक शाळेत शिकवण्याच्या कल्पनेवर माझा विश्वास नाही. अन्न शिजवणं एकदा बघून येत नाही. 'बिनआगीचा स्वयंपाक' नावाची स्पर्धा होते, मुलं काकडीवर टोमॅटो रचतात, फोटो निघतात. त्याला माझी हरकत नाही, पण त्याला स्वयंपाक म्हणू नये. वरण-भात घरीच शिकायचा असतो, अकरा-बारा वर्षांपासून, आणि मुलगा असो की मुलगी, दोघांनीही.

कुकरपासून सुरुवात करावी, कारण तो घाबरवतो, आणि त्याची भीती क्रम पाळला की जाते. पहिलं काम झाकण उजेडात धरून शिट्टीच्या नळीतून आरपार दिसतं का बघणं. डाळीचा एखादा दाणा किंवा साल तिथे अडकलं असेल तर वाफेला वाट राहत नाही, आणि कुकर उडण्याच्या गोष्टी तिथूनच सुरू होतात. दुसरं, कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही. डाळ थेट कुकरमध्येच लावली तर निम्म्याच्याही खाली, कारण तुरीच्या डाळीचा फेस वर चढतो. त्यात अर्धा चमचा तेल टाकलं की फेस कमी होतो. डब्यांत लावणार असाल तर तळाशी दोन वाट्या पाणी. ते विसरलं तर सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून वाफ सोडतो, आणि घरच्यांना कुकर 'खराब' झाला असं वाटतं. खरं तर त्यानं आपलं काम केलेलं असतं.

एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी हे गणित सगळे सांगतात. आपल्याकडच्या घरांत एचएमटी किंवा चिनोर असतो आणि त्यात जुना-नवा हा फरक मोठा. नव्या तांदळाला दोन वाट्या पाणी टाकलं की भाताचा गोळा होतो, पावणेदोन पुरतं. वर्षभर जुना असेल तर सव्वादोन. म्हणून नवं पोतं उघडलं की पहिल्या दिवशी भात मुलाकडूनच करून घ्यावा आणि बिघडला तरी तोच सगळ्यांनी खावा. तुरीच्या डाळीला तिप्पट पाणी, चिमूटभर हळद, तीन-चार शिट्ट्या, मग मंद आचेवर पाच मिनिटं. गॅस बंद केल्यावर शिट्टी चमच्यानं उचलून वाफ घालवण्याची जी घाई मोठी माणसं करतात ती मुलांसमोर अजिबात करू नये. दाब आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. झाकण सहज फिरत नसेल तर आत वाफ आहे, जोर लावायचा नाही. बस.

गॅसबद्दल दोन गोष्टी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली फरशीवर साठतो. वास आला तर वरच्या खिडकीपेक्षा खालचं दार उघडणं जास्त कामाचं. आणि त्या वेळी कोणतंही बटण दाबायचं नाही, लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर बंद करायचा, बाहेर जायचं, मग १९०६ वर फोन. सिलिंडर आला की त्याच्या वरच्या पट्टीवरचं अक्षर आणि आकडा मुलाला वाचायला सांगा: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्ष. ती त्या सिलिंडरची पुढच्या तपासणीची मुदत. उलटून गेली असेल तर सिलिंडर परत पाठवायचा. केशरी नळी पाच वर्षांनी बदलायची, तिच्यावरही तारीख छापलेली असते. हे सांगायला घराला दोन मिनिटं लागतात, आणि तपासायची वेळ दर महिन्या-दीड महिन्यानं आपोआप येते.

आता पुन्हा शाळेकडे, कारण पुढचा विषय घराला सर्वात कमी जमतो: कोणाला काही झालं तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं. भाजलं की टूथपेस्ट, हळद, बटाट्याचा कीस, बर्फ, घरागणिक औषध वेगळं आणि सगळी चुकीची. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं गार वाहतं पाणी, अंगठी-बांगडी लगेच काढणं, मग स्वच्छ कोरडा कपडा सैलसर. इथे पुस्तकी सूचनेला नागपुरी दुरुस्ती हवी: मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला येतं ते स्वतःच चटका देतं. तेव्हा नळाखाली हात धरायचा नाही, माठातलं पाणी तांब्यानं सतत ओतत राहायचं. फ्रिजचं बर्फासारखं पाणी नको.

ऊन लागण्याचंही तसंच. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की खिशात कांदा ठेवून बाहेर पडणारे लोक आपल्याकडे आहेत. ठेवावा, संध्याकाळी भाजीत टाकता येतो. पण थकवा, चक्कर, भरपूर घाम ही एक अवस्था, आणि अंग भट्टीसारखं तापलेलं, माणूस असंबद्ध बोलतोय किंवा शुद्धीवर नाही ही दुसरी, हा फरक प्रत्येक आठवीच्या मुलाला यायला हवा. पहिल्या अवस्थेत सावली, पाणी, मीठ-साखरेचं पाणी. दुसरीत तोंडात एक थेंबही घालायचा नाही, तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडायचं, जोरात वारा घालायचा, काखेत आणि जांघेत गार ओल्या पट्ट्या ठेवायच्या, आणि १०८ ला फोन दुसऱ्या कोणाकडून त्याच क्षणी करवून घ्यायचा.

मीठ-साखरेच्या पाण्याचं प्रमाण: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. 'सपाट' हा शब्द महत्त्वाचा. घरात चमचा शिगोशीग भरायची सवय असते, त्यानं मीठ दुप्पट होतं आणि लहान लेकराला ते अपायकारक ठरतं. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्यायचं आणि पुन्हा करायचं. विकतची पुडी असेल तर तिच्यावर लिहिलेल्या पाण्यात ती पूर्ण टाकायची. एक लिटरची पुडी चिमूट-चिमूट ग्लासात टाकणं हा सार्वत्रिक प्रकार आहे, त्यात क्षारांचं प्रमाणच राहत नाही. केलेलं पाणी २४ तासांनंतर फेकायचं. शाळेत यासाठी काय लागतं? लिटरची बाटली, पाच मिलिलिटरचा चमचा, सपाट करायला पट्टी. एक तास पुरतो, आणि हा विषय पस्तीस मिनिटांत खरोखर बसतो. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हात न लावता आधी मेन स्विच पाडायचा, श्वास नसेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे, हेही शाळेनंच शिकवायचं, कारण त्याला सरावाचा पुतळा लागतो आणि एक पुतळा अनेक शाळांत फिरवता येतो.

हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना तर नागपूरच्या अंगणातलीच. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या समितीनं त्याच वर्षी आराखडा दिला: सात वर्षांचं मोफत सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या हस्तोद्योगाभोवती. टकळीवर सूत काततानाच लांबी, वजन, हिशेब, कापसाचा भूगोल यावा अशी ती मांडणी. मुलांच्या कामातून उत्पन्न काढण्यावर भर गेला तर शिक्षणच मागे पडेल, असा इशारा त्या अहवालानं स्वतःच दिला होता. पुढे कोठारी आयोगानं (१९६४–६६) कार्यानुभव आणला, तो आजही वेळापत्रकात आहे. पण अनेक शाळांत त्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तास गणिताला जातो, वही भरली जाते, आणि प्रदर्शनातला रुमाल आईनं भरतकाम केलेला असतो. पाबळच्या विज्ञान आश्रमानं, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या, याला जास्त व्यवहारी रूप दिलं. मुलं शाळेच्याच किंवा गावाच्या खऱ्या गरजेची वस्तू बनवतात, आणि वस्तू वापरली जात असल्यानं चुकीची असेल तर लगेच कळते. माझ्या मते सगळं इथेच ठरतं. ज्या कामाचा उपयोग कोणालाच नाही त्याला गुण देता येतात, पण त्यातून हात तयार होत नाही.

पैशाबद्दल थोडक्यात, कारण इथे वाटणी सोपी आहे. वीजबिल घराकडे आहे, गणित शाळेकडे. २०० वॅटचा कूलर दहा तास चालला की २ युनिट, महिन्याला ६०. महावितरणच्या बिलात १०० युनिटांच्या पुढे दर बदलतो, ३०० च्या पुढे पुन्हा. सातवीच्या मुलाला एप्रिल आणि मेची बिलं शेजारी ठेवून बघायला लावलं की टप्प्यांचं गणित त्याला आयुष्यात विसरता येत नाही. हप्त्यांचं मात्र शाळेनंच शिकवावं, कारण घरं त्यातच फसतात. १२,००० रुपयांचं कर्ज, 'फक्त १२ टक्के फ्लॅट', बारा हप्ते: व्याज १,४४०, हप्ता १,१२०. बारा टक्केच वाटतात. पण पूर्ण १२,००० रुपये आपल्याकडे पहिलाच महिना असतात, शेवटच्या महिन्यात हजारच्या आसपास. घटत्या बाकीवर काढलं तर हा दर वर्षाला साधारण साडेएकवीस टक्के पडतो. नववीचा वर्ग संगणकावर बारा ओळींचा तक्ता करून हे स्वतः शोधू शकतो. यूपीआयबद्दल एकच नियम पाठ करून घ्यावा: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. आणि फसवणूक झालीच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० वर फोन. दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या नावानं बचत खातं चालवता येतं, ते उघडायला मात्र आई-बाबांनीच न्यावं.

कागदपत्रं हा आणखी एक बेवारस विषय. दहावी-बारावीचा निकाल लागला की सेतू केंद्रांवर जी रांग लागते, तिच्यातल्या बऱ्याच जणांची अडचण एकच असते: आधारवरचं नाव, शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव जुळत नाही. कुठे वडिलांचं पूर्ण नाव, कुठे नुसतं आद्याक्षर, कुठे आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली चूक मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं, दाखला घेऊन बाहेर पडल्यावर तेच काम फार किचकट होतं. म्हणून नववीतच वर्गशिक्षकांनी प्रत्येकाला आपले तीन कागद शेजारी ठेवून अक्षर-अक्षर ताडायला लावावं. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरला जाण्याआधी. मुलानं स्वतः ताडायचं, पालकांनी नाही. फॉर्म पालकांनी भरला की मुलाला स्वतःच्याच कागदावर काय लिहिलंय ते कळत नाही.

घराकडून एवढं सगळं होत का नाही? वेळ नाही हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं कारण म्हणजे मुलाचा हात हळू चालतो आणि मोठ्याला ते बघवत नाही. "सरक, मी करते पटकन." यावर उपाय सुट्टीत करायचा. उर्वरित महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यात उघडतात, विदर्भात उन्हामुळे जूनच्या अखेरीस. हे जास्तीचे दिवस आपल्याला आयते मिळतात. एक काम निवडायचं, एका मोसमासाठी मुलाच्या नावावर करून टाकायचं. पहिल्यांदा त्यानं बघायचं, नंतर आपल्या सोबत करायचं, मग आपण शेजारच्या खोलीत बसायचं. तिसरी पायरी आपली परीक्षा असते. आणि "आमचा पोट्टा अभ्यास करून राहिला जी, त्याले कायले कूलर धुवाले लावता" म्हणणाऱ्या आजीला त्याच मुलाच्या बहिणीकडून पोळ्या करून घेताना अभ्यास आठवत नाही, हेही एकदा प्रेमानं सांगावं. घरात कूलर मुलाकडे आणि कणीक मुलीकडे जाते. शाळेच्या पाचांच्या गटात तशी वाटणी होत नाही, शिक्षकानं गट पाडताना लक्ष दिलं तर.

शाळेच्या बाजूनं शेवटची एक अडचण आहे, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. साहित्य अनेक शाळांत असतंही, पण कुलपात. टेस्टर, पक्कड, मल्टिमीटर हे सगळं जड वस्तू संग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या यादीत) चढलेलं असतं. हरवलं, तुटलं की संबंधित शिक्षकाला लेखी खुलासा द्यावा लागतो. मग कोणता शिक्षक चाळीस मुलांच्या हातात स्क्रूड्रायव्हर देईल? पालक-शिक्षक संघानं मागणी करायचीच असेल तर नव्या उपक्रमाची करू नये. दोन तास महिन्यातून एकदा जोडून द्या आणि प्लग, वायर, चमचे, स्क्रूड्रायव्हर हे खडू-डस्टरसारखे उपभोग्य वस्तूंत लिहा, एवढीच करावी. वर्षाला आठ-दहा प्लग फुटतील, दोन स्क्रूड्रायव्हर कोणाच्या तरी दप्तरातून घरी जातील. तेवढे पालकांनी वर्गणी काढून आणून द्यावेत.